गाडीला घरच्या घरी पेंट सीलंट कसं लावायचं, आणि त्याआधी काय करायचं



आजच्या व्हिडिओत मी एका हॅचबॅक गाडीला पेंट सीलंट लावून दाखवलं आहे. व्हिडिओ वीस मिनिटांचा आहे, पण प्रत्यक्ष काम साडेपाच तासांचं होतं. मधले जे तास कापले, ते या पाठात लिहून देतो. कारण सीलंट लावायला फार कौशल्य लागत नाही. कौशल्य लागतं ते त्याआधीच्या तासांत, आणि नवीन माणूस नेमका तिथेच घाई करतो.

तुमच्यापैकी काही जण फक्त स्वतःच्या गाडीसाठी हे शिकताय. बरेच जण घरपोच कार केअरचं काम सुरू करायचं म्हणून शिकताय. दोघांनाही पद्धत एकच. धंदा करणाऱ्यांसाठी शेवटी हिशेबही दिला आहे, तो चुकवू नका.

आधी माझी फजिती ऐका

मी हे काम नवीन सुरू केलं तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांच्या काळ्या गाडीचं काम मिळालं. त्या दिवशी हातात तीन गाड्या होत्या. सरांची गाडी धुतली, पुसली, वरून बघितली तर स्वच्छ दिसली. लगेच सीलंट लावलं, चमकवलं. तीन तासांत मोकळा. पार्किंगच्या सावलीत गाडी आरशासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. "अरे, जरा येऊन बघतोस का?"

गेलो. पूजेसाठी गाडी अंगणात, उन्हात काढली होती. बॉनेटवर बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग जसेच्या तसे. पुसण्याचे बारीक गोल ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकत होते. आधी धुळीत झाकलेलं सगळं माझ्या चमकीने उघडं पडलं होतं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वही न तपासताच तू कव्हर घातलंस रे."

ते सीलंट काढायला पॉलिश करावं लागलं. पाण्याचे डाग काढले, पुन्हा सीलंट लावलं. आठ तास गेले. सरांनी पैसे विचारले, मी घेतले नाहीत. म्हणजे पहिले तीन आणि नंतरचे आठ, अकरा तास काम आणि हातात शून्य. वर सामानाचा खर्च वेगळाच.

या पाठात लक्षात ठेवायची गोष्ट एकच: सीलंट खाली जे असेल ते झाकून ठेवत नाही, ते तसंच बंद करून ठेवतं. खाली स्वच्छ रंग असेल तर स्वच्छ रंग बंद होईल. खाली क्षार, डांबर, लोखंडाची बारीक धूळ असेल तर तेच.

सीलंट म्हणजे नेमकं काय?

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. बहुतेक गाड्यांवर हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. ऊन, पाऊस, पक्ष्यांची घाण, झाडाचा चीक हे सगळं तो झेलतो. पॉलिश करताना आपण हाच थर थोडा थोडा घासून कमी करतो. म्हणून उगाच पॉलिश करायचं नसतं.

या क्लिअर कोटवर आपण जो संरक्षक थर देतो, त्याचे तीन मुख्य प्रकार बाजारात मिळतात:

- वॅक्स: जुना प्रकार. चांगल्या वॅक्समध्ये ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण असतं. चमक सुंदर देतं, पण आपल्याकडच्या उन्हात काही आठवड्यांत उतरतं.
- पेंट सीलंट: कृत्रिम पॉलिमरचं. काही महिने टिकतं. हाताने लावता येतं, मशीन लागत नाही. घरी करण्यासाठी हेच सोयीचं.
- सिरॅमिक कोटिंग: जास्त टिकतं, पण तयारी कडक लागते आणि चूक झाली तर काढणं अवघड. नवशिक्याने पहिल्या दिवशी याच्या मागे लागू नये.

सीलंटमुळे पाणी थेंब होऊन घरंगळतं, धूळ कमी चिकटते, गाडी धुणं सोपं होतं. ओरखडे भरून निघत नाहीत. दगड उडाला तर टवका उडणारच.

सामान काय लागेल?

- दोन बादल्या, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची
- कार शाम्पू (कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको)
- मायक्रोफायबर मिट आणि पाच-सहा स्वच्छ मायक्रोफायबर कापडं
- आयर्न रिमूव्हर
- क्ले बार आणि त्यासाठीचं वंगण (ते नसेल तर शाम्पूचं पातळ पाणी चालतं)
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, आणि डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत घालतात तेच पाणी, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं
- पेंट सीलंट, फोमचा ॲप्लिकेटर, मास्किंग टेप, हातमोजे

कापडांबद्दल एक सूचना. मायक्रोफायबर कापडं घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका आणि कंफर्टसारखं काही वापरू नका, त्याने कापडाची शोषून घेण्याची ताकद जाते. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवसापुरतं बाद. एक खडा अडकला तरी बॉनेटभर रेघा उठतात.

पायरी १: जागा आणि वेळ

सावली हवी आणि पत्रा थंड हवा. बॉनेटवर हाताची मागची बाजू ठेवून बघा. गरम लागलं तर थांबा. गरम पत्र्यावर शाम्पू वाळतो, पाण्याचे डाग पडतात आणि सीलंट पुसताना चिकटून बसतं. सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात केली तर बहुतेक काम ऊन तापण्याआधी होतं.

सोसायटीत काम करणार असाल तर पाणी वापरायची परवानगी आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी पाइप लावून गाडी धुवायला बंदी असते. काम सुरू केल्यावर वॉचमनने थांबवलं तर गिऱ्हाइकासमोर तुमची पंचाईत.

पायरी २: धुणं

आधी चाकं. त्यांची बादली आणि कापड वेगळं. मग नुसत्या पाण्याने सगळी धूळ उतरवा. त्यानंतरच शाम्पू. वरून खाली या: छत, काचा, बॉनेट, दरवाजे, आणि सगळ्यात शेवटी खालची पट्टी, कारण चिखल आणि खडे तिथेच असतात. प्रत्येक भाग झाला की मिट साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्या, मग पुन्हा साबणात.

आपल्याकडे गाड्यांवर जे गोल ओरखडे दिसतात, त्यातले बरेच रोज सकाळी एकाच बादलीतल्या पाण्याने आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्यामुळे पडतात. धूळ फडक्यात, फडकं गाडीवर. दोष त्या पुसणाऱ्या माणसाचा नाही, त्याला पाणी आणि वेळ तेवढाच मिळतो. पण हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं आपलं काम आहे.

पायरी ३: न दिसणारी घाण

धुतलेली गाडी स्वच्छ असतेच असं नाही. एक सोपी परीक्षा घ्या. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि ओल्या बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर उत्तम. बारीक वाळूवरून हात फिरवल्यासारखं लागलं तर अजून काम बाकी आहे. पिशवीमुळे बोटांना बारीक खरखरही कळते.

ही खरखर कशाची, ते गाडी कुठे उभी असते त्यावर ठरतं. रेल्वे लाइन, फाउंड्री किंवा फॅब्रिकेशनच्या शेडजवळ लोखंडाची बारीक धूळ. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आसपास राख. झाडाखाली चीक. नवीन रस्त्यावरून आलेल्या गाडीला डांबर.

आयर्न रिमूव्हर: फवारा, दोन-तीन मिनिटं थांबा. लोखंडाचे कण असतील तिथे जांभळे ओघळ दिसतील. वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. वास उग्र असतो, म्हणून मोकळ्या जागेत करा आणि हातमोजे घाला.

पाण्याचे डाग: बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले की पाणी वाळल्यावर पांढरे गोल राहतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने डागावर लावा, एक-दोन मिनिटांनी धुऊन टाका. तरीही डागाची कडा दिसत असेल तर तो क्लिअर कोटमध्ये उतरलेला आहे, त्याला पॉलिशच लागेल.

क्ले बार: तुकडा हातात मऊ करून चपटा करा. भाग भरपूर ओला करा आणि क्ले सरळ रेषेत हलक्या हाताने फिरवा. जोर देऊ नका. सुरुवातीला अडखळतो, मग सरकायला लागतो. सरकला की तो भाग झाला. मधूनमधून क्ले घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. क्ले खाली पडला तर फेकून द्या. पैसे गेल्याचं वाईट वाटेल, पण गिऱ्हाइकाच्या दरवाजावर रेघ ओढण्यापेक्षा ते स्वस्त.

क्ले झाल्यावर पुन्हा एकदा धुवा, वाळवा आणि पिशवीची परीक्षा परत घ्या.

पायरी ४: उन्हात बघणं

माझी चूक इथेच झाली होती. सावलीत सगळ्या गाड्या छान दिसतात. गाडी दोन मिनिटं उन्हात काढा किंवा मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. ओरखडे दिसले तर तिथेच गिऱ्हाइकाला बोलवा आणि दाखवा. त्यांना दोन पर्याय द्या: पॉलिश करून मग सीलंट, त्याचा वेळ आणि पैसे वेगळे, किंवा आहे तसंच सीलंट, पण ओरखडे दिसत राहतील. निर्णय त्यांचा. आधी दाखवलेला ओरखडा गाडीचा असतो, नंतर सापडलेला ओरखडा तुमचा होतो.

पायरी ५: तेलकटपणा काढणं

एक भाग आयपीए आणि पाच भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण स्प्रे बाटलीत करा. कापडावर मारून एकेक भाग पुसा. पॉलिशचं तेल किंवा जुन्या वॅक्सचा अंश राहिला तर सीलंट नीट धरत नाही. आयपीए पेट घेतं, त्यामुळे जवळ दिवा, उदबत्ती, सिगारेट काही नको.

पायरी ६: आता सीलंट

आधी काळ्या प्लॅस्टिकच्या कडांवर मास्किंग टेप लावा. त्यावर सीलंट लागलं तर पांढरे डाग बसतात आणि सहज निघत नाहीत. ब्रेक डिस्कवर चुकूनही लागू देऊ नका, तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

१. ॲप्लिकेटरवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या. एका दरवाजाला एवढं पुरतं.
२. हलक्या हाताने पातळ थर पसरवा. आधी आडवं, मग उभं. जाड थराने जास्त संरक्षण मिळत नाही, फक्त पुसायला त्रास होतो.
३. बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा. क्रीमसारख्या सीलंटला बहुधा १५ ते ३० मिनिटं लागतात. काही स्प्रे सीलंट लगेच पुसायची असतात, म्हणून सूचना वाचाच.
४. बोटाची परीक्षा: एका कोपऱ्यात बोट ओढा. मागे स्वच्छ चमकदार रेघ आली तर तयार. ओलसर फराटा आला तर अजून थांबा.
५. स्वच्छ कापडाने पुसा, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने चमकवा. कापडाची बाजू बदलत राहा.

पुसून झालं की काम संपलं असं नाही. बहुतेक सीलंटना पक्कं व्हायला १२ ते २४ तास लागतात. तेवढ्या वेळात पाणी नको, दव नको. रात्री उघड्यावर गाडी ठेवणार असतील तर त्या दिवशी काम घेऊ नका.

दोन गाड्यांना नाही म्हणा: ज्या गाडीचा भाग नुकताच रंगवला आहे तिला, कारण नवीन रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो. किती थांबायचं ते पेंटरला विचारा, साधारण महिनाभर तरी. आणि मॅट फिनिशच्या गाडीला. नेहमीच्या पॉलिश आणि सीलंटने तिचे चट्टे पडतात.

कधी करायचं?

आपल्याकडे दोन वेळा सोयीच्या. पहिली मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस सुरू होण्याआधी. दुसरी पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या आधी. दसऱ्याचं काम निदान दोन दिवस आधी संपवा. ताज्या सीलंटवर हळद-कुंकू लावू नये. पूजा झाल्यावर कुंकू कोरड्या फडक्याने घासायचं नाही, पाण्याने उतरवायचं. हार दोऱ्याचा असावा, तारेचा नको. ओली फुलं रात्रभर बॉनेटवर ठेवू नयेत. या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला द्या, त्यांना बरं वाटतं आणि तुमचं काम टिकतं.

धंद्याचा हिशेब

खालचे आकडे नमुना म्हणून घ्या. तुमच्या गावातले भाव टाकून स्वतःचा तक्ता करा.

समजा ५०० मिलीची सीलंटची बाटली १,५०० रुपयांना आणि एका हॅचबॅकला २५ मिली लागलं. म्हणजे ७५ रुपये. ६०० रुपयांचा क्ले सहा गाड्यांना पुरला तर १००. शाम्पू आणि आयर्न रिमूव्हर १५०. कापडांची झीज ५०. आयपीए आणि डिस्टिल्ड वॉटर २५. जाण्या-येण्याचं पेट्रोल १००. एकूण ५०० रुपये.

तुम्ही २,००० रुपये घेतले तर उरले १,५००. काम साडेपाच तास, प्रवास एक तास. साडेसहा तासांना भागा, तासाला साधारण २३० रुपये पडतात.

आता कोणी म्हणेल, सर, क्ले आणि आयर्न रिमूव्हर सोडून दिलं तर दोन तास वाचतात. बरोबर. पाच गाड्यांवर दहा तास वाचतील. पण त्यातली एक गाडी उलटली तर माझ्यासारखे आठ तास फुकट जातील, पैसेही जातील आणि त्या सोसायटीतलं पुढचं कामही जाईल. वाचलेले दोन तास कोणालाच दिसत नाहीत. उलटलेली गाडी पूर्ण पार्किंगला दिसते.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

"काही महिने पाणी घरंगळेल, धुणं सोपं जाईल, चमक टिकेल." एवढंच सांगा. "ओरखडा पडणार नाही", "वर्षभर बघायला नको" असलं काही बोलू नका, शेजारचा दुकानदार बोलत असला तरी. तुम्ही दिलेला शब्द गाडी रोज उन्हात उभी राहून तपासत असते.

काम सुरू करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. आधीचे ओरखडे, टवके कागदावर लिहून त्यांची सही घ्या. काम संपल्यावर गाडी उन्हात उभी करूनच ताब्यात द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

स्वतःची किंवा घरातल्या कोणाची गाडी घ्या. फक्त बॉनेट करा. मधोमध मास्किंग टेप लावा. डावी बाजू धुऊन थेट सीलंट लावा. उजव्या बाजूला क्ले, आयपीए, मग सीलंट. टेप काढा आणि दोन्ही बाजू उन्हात बघा.

मग दर रविवारी दोन्ही बाजूंवर मग्याने पाणी टाका आणि थेंब कसे बनतात, पाणी किती लवकर घरंगळतं ते वहीत लिहा. तारीख टाका, फोटो काढा. हे तीन महिने करा. बाटलीवर काय लिहिलंय ते कोणीही वाचून दाखवेल. तुमच्या गावच्या उन्हात आणि पाण्यात ते किती टिकलं, हे फक्त तुम्हीच सांगू शकाल. पहिलं गिऱ्हाईक विचारेल, "किती दिवस टिकेल?" तेव्हा ती वही उघडून दाखवा.

जाता जाता सरांचं सांगतो. पुढच्या मे महिन्यात त्यांचा पुन्हा फोन आला. गाडी अंगणात उन्हातच उभी करून ठेवली होती. म्हणाले, "आधी तपास, मग कव्हर घाल." त्या वेळी पाच तास लागले, आणि पैसे मी पूर्ण घेतले.

बॉनेटचा गृहपाठ केल्याशिवाय कोणाच्या गाडीला हात लावू नका. भेटूया पुढच्या पाठात.